टिंडलसाहेब बसतात तेव्हा

मित्रांनो, हे उभ्यानंच ऐका. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, आणि कोणी माझ्याकडे पाठ करून, कोट सावरून, गुडघे वाकवायला लागलं की मला अजून कापरं भरतं. खुर्चीच्या जातीला हे शोभत नाही, मला ठाऊक आहे. बसणाऱ्याला घाबरणारी खुर्ची म्हणजे पाण्याला घाबरणारी बादली. पण माझी हकिगत कळली तर तुम्ही मला नावं ठेवणार नाही.

माझा जन्म इंग्लंडातल्या बकिंगहॅमशरच्या टेकड्यांवर झाला. तिथं बीच नावाच्या झाडांचं दाट रान आहे. एका म्हाताऱ्या कातारी माणसानं त्या रानातच चरक मांडून माझे चार पाय कातले, हात बसवले, पाठ बसवली. प्रत्येक खुर्ची पुरी झाली की तो तिच्यावर थाप मारून म्हणायचा, "घ्या. आता पाद्रीबुवा बसले तरी हरकत नाही." गावचे पाद्रीबुवा फार वजनदार होते. त्यामुळे माझी अशी समजूत झाली की मी टिकण्यासाठी जन्माला आले आहे.

ते सन एकोणीसशे सेहेचाळीस होतं. लढाई नुकती संपली होती आणि लाकूड परवान्यावर मिळत होतं. अशा दिवसांत एका ट्रकनं येऊन आम्हां सहा जुळ्या बहिणींना लंडनबाहेरच्या एल्मरिज स्टुडिओत नेलं. आम्हाला वाटलं, सहा खुर्च्या म्हणजे जेवणाचं टेबल असणार. कुटुंब असणार. रविवारी भाजलेलं मटण असणार.

आम्हाला सामानखान्यात ठेवलं. तिथं वायर नसलेला टेलिफोन होता, कागदाच्या लगद्याचा बिशप होता, आणि कोपऱ्यात एक रबरी मासा होता, जो तोवर चौदा माणसांच्या तोंडावर बसला होता. तो माशाच्या मानानं फार बोलायचा.

"इथं विनोदी चित्रपट काढतात," तो म्हणाला. "इथं खुर्च्या बसायला आणत नाहीत."

"मग?"

"मोडायला आणतात."

तेवढ्यात सामानखान्याचे प्रमुख हॉरेस बंटिंग आत आले. तपकिरी डगला, कानावर पेन्सिल, चेहरा अंत्यविधीला चाललेल्या माणसाचा. हातात करवत. ते एकेका बहिणीला उताणं करत, "माफ कर हं बाई," म्हणत आणि मागचा डावा पाय पाऊण भाग आतून कापत. मग त्या चिरेत मेण आणि लाकडाचा भुसा भरत आणि वरून रंगाचा हात देत. बघणाऱ्याला पाय अखंड दिसायचा. बसणाऱ्याला तो अखंड नाही हे अगदी योग्य वेळी कळायचं.

मी सहावी. माझाही पाय कापला. दुखलं किती ते सांगत नाही. सहावी असणं त्याहून वाईट होतं. भिंतीपलीकडून "ॲक्शन" ऐकू यायचं, मग कडाड, मग एक मऊ, सभ्य आवाज: "छान. पुन्हा एकदा." असं पाच वेळा झालं. पाच बहिणी गेल्या. प्रत्येक वेळी बंटिंग येत, पुढच्या खुर्चीची पाठ धरत, आणि मी मनातल्या मनात मोजत असे. पाचव्या कडाडनंतर त्यांनी मला उचललं, सेटच्या कडेला नेऊन ठेवलं, आणि मी डोळे मिटले. खुर्ची जसे मिटते तसे.

तोच सभ्य आवाज म्हणाला, "झकास. हेच हवं होतं. चहा."

अकरा वाजले होते. त्या देशात अकरा वाजले की चालता माणूस थांबतो, पडता माणूस हवेतल्या हवेत थोडा रेंगाळतो. सेट क्षणात ओस पडला. बंटिंगसुद्धा कप आणायला गेले. आणि तो सभ्य आवाजाचा माणूस, दिग्दर्शक ऑब्री टिंडल, थकून आजूबाजूला पाहू लागला आणि सरळ माझ्यावर बसला.

मित्रांनो, त्या क्षणी मी जे धरून ठेवलं ते कशानं धरलं मला माहीत नाही. पाय पाऊण कापलेला. उरलेला पाव भाग आणि भीती, एवढ्यावर मी उभी होते. टिंडलसाहेब सडपातळ होते, हे माझं नशीब. त्यांनी सुस्कारा टाकला आणि पाय लांब केले.

बंटिंग कप घेऊन परत आले. त्यांनी साहेबांना पाहिलं. मला पाहिलं. कप घाईनं खाली ठेवला.

"साहेब," ते म्हणाले.

"बोला बंटिंग."

एवढ्या मोठ्या माणसाला, तेही बसलेल्या, तेही चहाच्या वेळी, 'उठा' कसं म्हणायचं?

"आज हवा बरी आहे," ते शेवटी म्हणाले.

"पाऊस पडतोय, बंटिंग."

"हो साहेब. पण बरा पडतोय."

झालं. सांगायची वेळ ती होती आणि ती गेली. त्या लोकांची एक रीत आहे. अडचणीची गोष्ट पहिल्या मिनिटाला सांगितली तर ती सूचना ठरते. एका दिवसानं सांगितली तर माफी मागावी लागते. महिन्यानं सांगितली तर राजीनामा द्यावा लागतो. म्हणून बंटिंग रोज सांगायला येत आणि रोज हवेबद्दल बोलून जात. साहेबांना वाटलं, बंटिंगना हवामानाची आवड आहे. नाताळला त्यांनी बंटिंगना एक पर्जन्यमापक भेट दिला.

त्या चित्रपटाचं नाव होतं 'बिशपचं बदक'. तो धो धो चालला. लढाईनं वैतागलेली माणसं थिएटरात येऊन रडेपर्यंत हसली. टिंडलसाहेब एका रात्रीत मोठे झाले. आणि मोठ्या माणसाला कारण लागतं. त्यांनी ते शोधून काढलं.

"ही खुर्ची," ते सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मला शुभ आहे. हिच्यावर बसलो आणि सगळं जमून आलं. आजपासून हिला कोणी हात लावायचा नाही. खिळा नाही, रंग नाही, पॉलिश नाही."

कोणीतरी माझ्या पाठीवर 'टिंडल' असं पांढऱ्या अक्षरांत लिहिलं. एवढा मान त्या स्टुडिओत कुठल्याही खुर्चीला मिळाला नसेल. मी भीतीनं अर्धी झाले होते.

इथपर्यंत हे सगळं निभावण्यासारखं होतं. पडले असते तर साहेब उठले असते, बंटिंग ओशाळले असते, संपलं असतं. पण दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी एक घात झाला.

टिंडलसाहेबांचा एक नेम होता. नटानं पडायचं असेल तर आधी ते स्वतः पडून दाखवत. शिडीवरून, गाढवावरून, पाद्र्याच्या सायकलवरून. "पडणं म्हणजे वजन सोडणं नव्हे," ते म्हणत, "अब्रू सोडणं." 'सरकारी मेंढी'च्या वेळी माळ्यावरून गवताच्या पोत्यांवर पडायचं होतं. ते माळ्यावर चढले, मनात अभिनय जुळवत उभे राहिले, आणि खाली अकरा वाजले. मंडळींना चहा प्यायला बसायला काहीतरी हवं होतं. त्यांनी पोती ओढून बाहेर नेली. साहेबांनी खाली न बघता उडी घेतली. खाली बघून पडणारा माणूस विनोदी दिसत नाही, असं त्यांचं मत होतं.

सहा महिने ते इस्पितळात होते. परत आले तेव्हा डगल्याखाली कमरेला चामड्याचा रुंद पट्टा होता. डॉक्टरांनी त्यांना जे सांगितलं होतं ते त्यांनी आम्हाला हसत हसत सांगितलं. "कणा एकदा सांधलाय. आता पुन्हा आपटलो तर चालणं बंद. त्यामुळे मित्रहो, यापुढे मी पडून दाखवणार नाही. उभंही राहणार नाही. दिवसभर बसून राहणार."

आणि ते माझ्यावर बसले.

सामानखान्याच्या दारात बंटिंग भिंतीला धरून उभे होते.

आता तुम्ही विचाराल, गुपचूप पाय दुरुस्त का केला नाही? केला. एका शनिवारी दुपारी, स्टुडिओ रिकामा असताना, बंटिंगनी चिरेतलं मेण खरवडलं, सरस भरला, शिकंजा आवळला. दोन दिवस मी आयुष्यात पहिल्यांदा निर्धास्त उभी होते. सोमवारी साहेब येऊन बसले आणि लगेच उठले. कापलेल्या पायामुळे मी डावीकडे जरा कलत असे, आणि तो कल त्यांच्या दुखऱ्या कण्याला नेमका मानवला होता. सरळ झालेली मी त्यांना टोचू लागले.

"माझ्या खुर्चीला कोणीतरी हात लावलाय," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण चेहरा पांढरा पडला होता. "मला आज काम सुचणार नाही."

दिवस वाया गेला. दुसरा दिवसही वाया गेला. तिसऱ्या दिवशी बंटिंगनी सरस खरवडून काढला आणि पुन्हा मेण भरलं. साहेब बसले, कलले आणि म्हणाले, "हं. आता कसं." कामाला लागले. बंटिंग सामानखान्यात जाऊन रबरी माशाशेजारी डोकं धरून बसले.

त्या दिवसापासून त्यांचा नेम सुरू झाला. रोज सकाळी येऊन अंगठ्यानं चिरेतलं मेण दाबायचं. मोठ्या दिव्यांखाली मेण मऊ व्हायचं, थंडीत ते भुसभुशीत व्हायचं. मला मेणाचा प्रत्येक कण सुटताना कळायचा. साहेब हसले की मी हादरे. साहेब शिंकले की मी मरे. आणि ते शिंकायचे फार, कारण 'सरकारी मेंढी'त मेंढी खरी होती.

चित्रीकरणाची टिपणं ठेवणाऱ्या मिस हॉज यांच्या लक्षात ते सगळ्यांत आधी आलं. कुठल्या नटाचं कुठलं बटण उघडं होतं, कप कुठल्या हातात होता, हे लिहून ठेवणं हेच त्यांचं काम. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे, आणि त्यांच्या लग्नाचं जमत नव्हतं त्याचंही कारण लोक हेच सांगत.

"मि. बंटिंग, तुम्ही रोज सकाळी खुर्चीचा पाय का चेपता?"

"सवय आहे."

"मागचा डावाच?"

"त्यालाच लागते."

मिस हॉज वाकल्या. चष्मा पुसला. पुन्हा वाकल्या. उठल्या तेव्हा त्यांच्या ओठांचा रंग गेला होता.

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगणारच होतो. मग चहा आला."

"चार वर्षं चहा येतोय?"

"रोज येतो हो," बंटिंग म्हणाले. "दोनदा येतो."

"मी सांगते," मिस हॉज म्हणाल्या आणि वही छातीशी धरून ताडताड साहेबांकडे गेल्या. मी आशेनं ताठ झाले.

"मि. टिंडल, एक महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली."

"सांगा ना."

मिस हॉज त्यांच्या कमरेच्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. चार वर्षं. आणि डॉक्टर. आणि एवढा भला माणूस.

"कालच्या दृश्यात," त्या म्हणाल्या, "कर्नलच्या कपाचा कान उजवीकडे होता."

साहेबांनी त्यांचे आभार मानले आणि ते दृश्य पुन्हा घेतलं. खरं म्हणजे आदल्या दिवशी कान डावीकडेच होता. 'कर्नल आजारी आहेत' या चित्रपटात ती चूक अजून दिसते.

मग एकेकाला कळत गेलं. चहाचा गाडा ढकलणाऱ्या मिसेस प्रॉक्टरना कळलं तेव्हा त्यांनी लगेच आपल्या परीनं उपाय केला.

"बन आहे का आणखी एक?" साहेब विचारत.

"संपले हो राजा," मिसेस प्रॉक्टर म्हणत. गाड्यावर वीस बन असत.

"काल पण संपले होते."

"लोक खातात ना, राजा. मेली हावरट माणसं."

मागे उभा असलेला मुख्य विनोदी नट परसी डोबल दोन्ही गालांत बन घेऊन अपराध्यासारखी मान हलवी. परसी सव्वाशे किलोंचा होता. त्या स्टुडिओत तेरा वर्षांत सगळे जाड होत गेले, साहेब तेवढे सडपातळ राहिले. त्यांना वाटे, आपली प्रकृतीच तशी.

हळूहळू सगळा स्टुडिओ त्यात आला. सुतार, रंगारी, वर लोखंडी पुलावर दिवे सांभाळणारे वीजवाले. साहेब माझ्याकडे वळले की हातोडे थांबत, कुजबुज थांबत. साहेब गुडघे वाकवत. चाळीस माणसं श्वास रोखत. साहेब टेकत. मी धरून ठेवी. चाळीस माणसं श्वास सोडत. त्याचा एक बारीक वारा सुटे आणि पडद्यावरचं खोटं आकाश हले.

साहेबांना वाटे, हा आदर आहे. ते थोडे लाजत. दुसऱ्या स्टुडिओंत बोललं जाई, टिंडलच्या सेटवर काय शिस्त आहे, टाचणी पडली तर ऐकू येते. ते भराभर आटोपतात अशीही त्यांची ख्याती झाली, कारण नट पहिल्याच वेळी बिनचूक काम करून टाकत. जेवढं लवकर आटपेल तेवढ्या लवकर साहेब उठतील. एका वर्तमानपत्रातल्या टीकाकारानं लिहिलं की टिंडल यांच्या पात्रांच्या डोळ्यांत एक खरीखुरी, अनाकलनीय घबराट असते आणि तोच त्यांच्या विनोदाचा प्राण आहे. ते बरोबरच होतं. पात्रं कॅमेऱ्याकडे बघत नसत. कॅमेऱ्यामागच्या माझ्याकडे बघत.

ते कात्रण परसीनं मिसेस प्रॉक्टरच्या गाड्यावर ठेवलं. "बघा, माझ्या डोळ्यांना प्राण म्हटलंय."

"तुझ्या डोळ्यांना नाही मेल्या," मिसेस प्रॉक्टर म्हणाल्या, "बंटिंगच्या मेणाला."

तुम्हाला हसू येत असेल. मला येत नव्हतं. कारण साहेबांचा हात माझ्या हातावर असायचा आणि तो हात घामानं ओला असायचा. हे बाकी कोणाला माहीत नव्हतं. दृश्य चालू असताना ते इतक्या हळू पुटपुटत की ध्वनिमुद्रण करणाऱ्यालाही ऐकू जात नसे: "हसतील का? हसतील का?" नऊ चित्रपट त्यांनी काढले, प्रत्येक वेळी हेच. पडद्यावर लोक पडत होते, आपटत होते, चिखलात लोळत होते, आणि ज्यानं हे सगळं रचलं तो माणूस माझा हात घट्ट धरून घाबरलेला असे. मीही घाबरलेली. आम्ही एकमेकांना धरून बसलो होतो म्हणा. मला त्याची इतकी माया लागली होती की पूर्वी मी माझ्या मोडण्याला भीत होते, ती आता त्याच्या पडण्याला भिऊ लागले. ही दुसरी भीती जास्त वाईट. ती रविवारीसुद्धा सुट्टी देत नाही.

मग काळ फिरला. लोकांच्या घरी टेलिव्हिजन आले. पाद्री, कर्नल, बदकं यांना कोणी हसेना. रिकाम्या थिएटरांत लोक पत्ते खेळू लागले. एकोणीसशे एकोणसाठ साली एल्मरिज स्टुडिओ एका बिस्किटवाल्यानं गोदामासाठी घेतला. टिंडलसाहेबांचा शेवटचा चित्रपट होता 'दोन मावश्या आणि एक तोफ'. शेवटचं दृश्य झालं. तोफ उडाली नाही, मावशी उडाली. साहेब म्हणाले, "छान." पुन्हा एकदा म्हणाले नाहीत.

चित्रपट संपला की सगळ्या मंडळींचा एकत्र फोटो काढायची तिथली पद्धत. दिग्दर्शक मधोमध खुर्चीवर, बाकीचे भोवती. त्या दिवशी वर्तमानपत्रानं एक नवा फोटोग्राफर पाठवला होता. उत्साही, पिवळा मफलर घातलेला माणूस. साहेब बसले. चाळीस माणसांनी श्वास रोखला. मी धरलं. सगळ्यांनी श्वास सोडला. आता एक फोटो, आणि तेरा वर्षांची भीती संपणार होती.

"फार गंभीर दिसतंय हो," फोटोग्राफर म्हणाला. "विनोदी मंडळी ना तुम्ही? असं करा. मि. डोबल, तुम्ही मि. टिंडल यांच्या मांडीवर बसा."

परसीचा चेहरा पडला.

"कल्पना वाईट नाही," साहेब हसून म्हणाले. "या परसी. शेवटचा दिवस आहे."

"साहेब, मी... आज भरपूर जेवलोय."

"मग काय झालं? पट्टा आहे मला."

कोणी हललं नाही. वर पुलावर एका वीजवाल्यानं टोपी काढली. परसी सव्वाशे किलो वजन घेऊन एक पाऊल पुढे आला, कारण दिग्दर्शकानं सांगितल्यावर नाही म्हणणं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मी उरलेल्या पाव भागाचा विचार केला. तो आता पावही नव्हता.

"साहेब," बंटिंग म्हणाले.

"हवा बरी आहे, बंटिंग. माहीत आहे मला."

"नाही साहेब." बंटिंग पुढे आले. ते पासष्ट वर्षांचे होते. "तेरा वर्षं मी या खुर्चीकडे बघतोय. एकदाही बसलो नाही. एकदा बसू का? आज?"

साहेबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग काही न विचारता सावकाश उठले आणि बाजूला झाले. "बसा ना. आधीच सांगायचं."

बंटिंग माझ्यासमोर पाठ करून उभे राहिले. बसता बसता त्यांनी माझ्या हातावर बोटं टेकवली. "माफ कर हं बाई," ते कुजबुजले आणि धपकन बसले.

मी मोडले नाही.

काय करू, मित्रांनो, तेरा वर्षांची सवय. बंटिंगनी दोनदा उसळी मारली. मी धरून ठेवलं. त्यांनी हताश होऊन परसीकडे पाहिलं. "परसी, ये. माझ्या मांडीवर बस."

"तुमच्या?"

"बस म्हणतो ना."

परसी डोळे मिटून बसला. बंटिंग दिसेनासे झाले. मी करकरले, पण उभी राहिले.

"अरे देवा," मिस हॉज म्हणाल्या, "आता?"

मिसेस प्रॉक्टरनी गाडा सोडला, ॲप्रन सोडला, आणि "सरका रे मेल्यांनो," म्हणत परसीच्या मांडीवर जाऊन बसल्या. फोटोग्राफर खूश होऊन फोटोमागून फोटो काढत होता.

"मजबूत खुर्ची आहे," टिंडलसाहेब कौतुकानं म्हणाले. "उगाच नाही मी हिला शुभ म्हणत. उठा आता. मी आणि परसी बसतो."

तेव्हा मला कळलं की धरून ठेवणं हीच आता चूक आहे. हे तिघं उठले की तो बसणार. मला फार भीती वाटली. बहिणींचे ते पाच आवाज आठवले. आणि मी सोडलं.

कडाड.

ढिगाऱ्यातून प्रथम मिसेस प्रॉक्टर निघाल्या, मग परसी, मग बरेच खोल बंटिंग. त्यांचं कोपर सोललं होतं, बाकी शाबूत होते. कोणी हसलं नाही. साहेब एकटेच हसत होते, आणि हसता हसता त्यांनी माझा तुटलेला पाय उचलला.

हसणं थांबलं. तो काप त्यांना समजावून सांगावा लागला नाही. अशा कापांवर त्यांची सारी कारकीर्द उभी होती. जुना, काळपट पडलेला करवतीचा काप, आणि त्यावर वर्षानुवर्षांच्या मेणाचे थर.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून, साहेब," बंटिंग जमिनीवरूनच म्हणाले.

"माझ्या पाठीच्या आधीपासून?"

"हो."

"कोणाकोणाला माहीत होतं?"

आधी मिस हॉजचा हात वर गेला. मग परसीचा, मिसेस प्रॉक्टरचा. मग सुतारांचे, रंगाऱ्यांचे, वर पुलावर वीजवाल्यांचे. दारात उभ्या असलेल्या, आत कधीच न येणाऱ्या बॉयलरवाल्यानंही हात वर केला. फोटोग्राफर इकडेतिकडे पाहून हात वर करू लागला, पण मिस हॉजनी तो खाली केला.

साहेबांनी ते सगळे हात एकेक करून पाहिले. पट्ट्याखाली पाठ दुखत असणार, पण ते उभेच राहिले.

"तेरा वर्षं," ते म्हणाले. "खाली कापलेली खुर्ची, वर काहीच माहीत नसलेला माणूस, आणि चाळीस जण बघणारे. याहून विनोदी दृश्य मला आयुष्यात सुचलं नाही. आणि एकदाही कोणी हसलं नाही?"

मिस हॉजनी वही चाळली. "एकदा. अठ्ठेचाळीसच्या मार्चमध्ये. पण ते मेंढीला."

साहेबांनी पाय छातीशी धरला होता. "मला वाटायचं, तुम्ही सगळे मला घाबरता."

"घाबरतच होतो, साहेब," बंटिंग म्हणाले. "तुम्ही बसायला लागलात की."

साहेबांनी खाली हात दिला. बंटिंगनी तो धरला नाही, कारण त्या पाठीवर भार पडू द्यायचा नव्हता. ते आपलं आपण उठले. मग मिसेस प्रॉक्टर म्हणाल्या, "चहा घ्या राजा," आणि सगळ्यांसमोर साहेबांना दोन बन दिले.

मला टाकून देतील असं वाटलं होतं. बंटिंगनी नवा पाय कातवून आणला आणि स्वतः बसवला, साहेबांच्या पाठीला मानवेल एवढा कल मुद्दाम ठेवून. आता मी त्यांच्या घरी खिडकीपाशी असते. साहेब बसण्याआधी मला दोन्ही हातांनी हलवून बघतात. पाय आता पाद्रीबुवांनाही पुरे पडेल असा आहे, तरी ते भितात, मीही भिते. रविवारी बंटिंग येतात. साहेब बसताना ते बोलता बोलता थांबतात आणि श्वास रोखतात. साहेबांना ते दिसतं. ते मुद्दाम सावकाश बसतात.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या माहितीचं कोणी कापलेल्या पायावर बसलं असेल तर त्याला सांगा. सांगायला गेलात की तोंडातून पावसापाण्याचं निघतं, हे मी पाहिलं आहे. तरी सांगा. आणि अगदीच जमलं नाही, तर निदान हसू नका, जवळ उभे राहा. एक माणूस तेरा वर्षं तेवढ्याच आधारावर बसला होता.